बीपीची गोळी

६ जानेवारी २००२

शाळेने निरोप समारंभात शाल, नारळ आणि ही डायरी दिली. शाल कपाटात गेली, नारळाच्या वड्या झाल्या, डायरी उरली. दिल्लीला पहाडगंजच्या मराठी शाळेत उभा जन्म 'रोज चार ओळी लिहा, हात मोडणार नाही' म्हणून पोरांच्या मागे लागले. आता माझी पाळी.

पहिल्या पानावर घरातल्यांची ओळख करून द्या, असं मी पोरांना सांगायचे. तर मी लता सबनीस, बीपीची पेशंट, जीभ जरा तिखट. हे, म्हणजे माझे यजमान विश्वनाथ, सरकारी नोकरीतून निवृत्त. जगातल्या कुठल्याही प्रश्नावर ह्यांच्याकडे उत्तर तयार असतं. करोल बागेतलं भाड्याचं घर सोडून गुडगावला फ्लॅट घ्यायचा, हेही ह्यांचंच उत्तर. सोसायटीला नाव इंग्रजी, लिफ्टला आरसा, आणि वीज येईल तेव्हा येईल. मागे मोहरीचं शेत, पुढे खणून ठेवलेला रस्ता.

आणि कौस्तुभ, आमचा एकुलता एक. मानेसरला गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर आहे. आहे म्हणायचं, कारण दिवाळीपासून तो कामावर गेलेला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असतो. आंघोळ नाही, दाढी नाही. सकाळी कंपनीची बस गेटाशी येऊन हॉर्न वाजवायची. या आठवड्यापासून ड्रायव्हरने हॉर्नही बंद केला. आज पोळीचा तुकडा हातात धरून तो म्हणाला, "आई, माझ्यात काही उरलं नाही गं." मी म्हटलं, धुकं आहे, थंडी आहे, सगळ्यांनाच असं होतं. मग मोरीत जाऊन रडून घेतलं.

२० जानेवारी

शेवटी मार्केटमधल्या डॉक्टरांकडे नेलं. चांगला माणूस, पण बाहेर रांग होती. उदासपणा कधीपासून, झोप कशी, मरायचे विचार येतात का, असं सगळं विचारलं. शेवटच्या प्रश्नावर कौस्तुभने मान खाली घातली. "पहले कभी हुआ था?" कॉलेजात असताना एका हिवाळ्यात झालं होतं, ते मी सांगितलं. "और बाकी टाइम?" मी म्हटलं, बाकी टाइम एकदम हुशार, उत्साही, चार माणसांचं काम एकटा करणारा. डॉक्टरांनी मान डोलावली आणि उदासीच्या गोळ्या लिहून दिल्या. महिनाभर वेळ लागेल म्हणाले.

२४ फेब्रुवारी

आज त्याने स्वतःहून दाढी केली! दोन पोळ्या मागून घेतल्या. उद्यापासून बसने जाणार म्हणतो. मी देवापुढे साखर ठेवली. ह्यांनी डॉक्टरांना फोन करून इंग्रजीत आभार मानले.

१० मार्च

कौस्तुभ बरा झाला. हे वाक्य मी लाल शाईने लिहिणार होते, पण लाल पेन शाळेतच राहिलं.

नुसता बरा नाही, चार महिन्यांची कसर काढतोय. कामावरून येतो ते बसमधल्या चार-पाच जणांना घेऊनच. गुडगावात जे नवे मॉल होताहेत, त्या प्रत्येकात थालीपीठ-पिठल्याचं दुकान काढायचं, कॅन्टोन्मेंटमधल्या फौजींच्या बायकांना काम द्यायचं, असा त्याचा बेत आहे. भिंतीवर नकाशा लावलाय. बोलताना एका गोष्टीतून दुसरीत जातो, मला धागा सापडत नाही. झोप फार कमी झालीय, पण थकवा म्हणून नाही. मी जरा कुरकुर केली, तर हे म्हणाले, "सगळा देश आता असाच पळतोय, हा कसा मागे राहील? तू मास्तरीणच राहिलीस." राहिले तर राहिले. पण भिंतीकडे तोंड करून पडलेल्या मुलापेक्षा भिंतीवर नकाशे लावणारा मुलगा केव्हाही परवडला. सोसायटीत पेढे वाटले.

२ एप्रिल



आज सकाळी त्याने हायवेवर कंपनीची बस थांबवायला लावली आणि टपावर चढून येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकना भाषण द्यायला लागला. ड्रायव्हरने खाली ओढलं तर त्याच्या तोंडावर ठोसा मारला. माझ्या मुलाने. ज्याने लहानपणी कधी पाटी फोडली नाही. लोकांनी त्याला दोरीने बांधून दिल्लीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात नेलं. आम्ही पोचलो तेव्हा हातांवर वळ होते आणि तो मोठमोठ्याने हसत होता. मला बघून म्हणाला, "आई, ये, तुला मी प्रिन्सिपल करतो." ह्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी पिचली.

५ एप्रिल

डॉ. सेठी म्हणून बाई आहेत. ठेंगण्या, चष्मा डोक्यावर, बोलणं सरळ. त्यांनी आम्हा दोघांना बसवलं. सगळं लिहून ठेवते, कारण अर्धं तिथे कळलंच नाही.

आजाराचं नाव बायपोलर. उदासी हे त्याचं एक टोक आणि ही तेजी दुसरं. दोन आजार नाहीत, एकच. "अकेली उदासी की गोली मिली, इसलिए इतना ऊपर चला गया. उस डॉक्टर को आपने तेज़ी वाले दिन बताए ही नहीं होंगे." मग त्यांनी विचारलं, याआधी असं कधी झालं होतं का, झोप कमी, बोलणं जास्त, मोठमोठे बेत?

झालं होतं. कॉलेज संपलं त्या वर्षी मंडळाचा अख्खा गणेशोत्सव त्याने एकट्याने उभा केला. पंधरवडाभर घरी झोपायला आला नाही. शेवटच्या दिवशी अध्यक्षांनी त्याला हार घातला. त्याचा फोटो आमच्या दिवाणखान्यात आहे. ते दिवस आम्ही आजार म्हणून धरलेच नव्हते, ते आम्ही गुण म्हणून मिरवले. मी बाईंना फोटोबद्दल सांगितलं नाही. नुसतं "हाँ, एक बार" म्हटलं.

"ठीक हो जाएगा?" ह्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, सांभाळता येईल. पूर्ण जाईल असं त्या म्हणाल्या नाहीत. परत येताना टॅक्सीत हे बाहेरचे दिव्यांचे खांब मोजत बसले. ह्यांच्याकडे उत्तर नाही, असं मी पहिल्यांदा पाहिलं.

२१ एप्रिल

घरी आणला. हे औषधांच्या खिडकीशी उभे होते, कौस्तुभ बाकावर पेंगत होता, म्हणून बाईंनी मलाच सूचना दिल्या. लिथियम नावाची गोळी, एकही चुकवायची नाही. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. बाकी मग नेहमीचं: खाना-पीना नॉर्मल, नमक-पानी कम नहीं करना, गर्मी में संभालना, उलटी-जुलाब हुआ तो फ़ोन करना. डॉक्टर लोक सगळ्यांनाच असं सांगतात. मला बीपीसाठी मीठ बंद, ह्यांना साखर बंद. खरी गोष्ट एकच, गोळी. ती मी माझ्या हाताने देणार. बघते कशी चुकते ते.

१४ जुलै

रक्त तपासून आणलं, करोल बागेतल्या आपल्या जुन्या लॅबमध्ये. सगळं जिथल्या तिथे. बाई खूश आहेत. कारखान्याने कौस्तुभला ड्रायव्हरची माफी मागायला लावून परत घेतलं. तो बसमध्ये सगळ्यात मागे बसतो म्हणे.

आज भाजी निवडताना माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "आई, आता मला फार वाईट वाटत नाही आणि फार बरंही वाटत नाही. यातला मी कोणता?" मी म्हटलं, हाच. तर म्हणाला, "पण मार्चमधला तुला आवडला होता ना? पेढे वाटले होतेस." गवारीच्या शिरा काढत बसले. माझं पोर माझ्या तोंडाकडे बघत होतं आणि मी गवार मोडत होते.

२० ऑक्टोबर

मंडळात एक स्थळ कळलं. सुभेदार मारुतराव कदम, मूळचे साताऱ्याकडचे, मराठा रेजिमेंटमधून निवृत्त होऊन कॅन्टोन्मेंटच्या जवळच राहिलेले. बायको द्वारका पाच वर्षांपूर्वी गेली. मुलगी अर्पिता, बी.ए., सैनिकांच्या मुलांना बालवाडीत शिकवते. जातीचा प्रश्न ह्यांनी आपणहून सोडून दिला, तेव्हाच मला कळलं की ह्यांना घाई झालीय. मलाही झालीय. आम्ही आहोत तोवर कोणीतरी हवं.

मुलगी मला आवडली. डोळ्याला डोळा देऊन बोलते. कौस्तुभ तिच्याशी तासभर गॅलरीत बोलत उभा होता आणि आल्यावर मला म्हणाला, "आई, मी तिला सांगतो." मी म्हटलं, आत्ता नको. "मग कधी?" लग्न होऊ दे, घरात रुळू दे, एकदा माया बसली की मग काय फरक पडतो? तो म्हणाला, डॉ. सेठींनी सांगायला सांगितलंय, जो जवळ राहतो त्यालाच आधी कळतं. मी म्हटलं, डॉक्टरांना काय जातंय, त्यांना मुलगा उजवायचाय का?

तो उठून आत गेला. हल्ली पटकन गप्प बसतो.

१२ डिसेंबर

रविवारी लग्न झालं. साधंच, पण नीट. मारुतरावांनी गणवेशावरची सगळी पदकं लावली होती.

आज सकाळी मी कौस्तुभला गोळी देत होते आणि अर्पिता चहा घेऊन आली. "आई, ही कसली गोळी?" कौस्तुभने माझ्याकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडलं होतं. मीच म्हटलं, "बीपीची. माझ्याकडूनच आलंय त्याला." इतकं सहज निघालं तोंडातून की माझं मलाच नवल वाटलं. ती एकदम गंभीर झाली. "एवढ्या लहान वयात?" मग तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दुपारी मी लिथियमची पाकिटं माझ्या बीपीच्या डब्यात घालून टाकली. खोटं बोलले खरं, पण कोणाचं वाकडं तर करत नाही.

१९ जानेवारी २००३

नवी डायरी कोण आणणार, हिचीच पानं उरलीत.

अर्पिताच्या आईला बीपी होतं. पापड-लोणच्याशिवाय घास उतरत नसे म्हणे, आणि एक दिवस स्वयंपाकघरात कोसळली ती उठलीच नाही. अर्पिता तेव्हा घरात एकटी होती. हे सांगताना ती रडली नाही, पण कणीक तिंबायची थांबली. म्हणाली, "आई, तुमचं आणि ह्यांचं मी बघते. मिठाचा कणसुद्धा जाऊ देणार नाही." आता एका पातेल्यात माझं आणि कौस्तुभचं अळणी आणि दुसऱ्यात ह्यांचं आणि तिचं. लिंबू, आमसूल, जिरेपूड घालून अळणीलाही चव आणते. बऱ्याच दिवसांनी मला दुधीची भाजी गोड लागली. कौस्तुभ डबा परत आणतो तो अर्धा भरलेला. मला हळूच म्हणाला, "खाववत नाही गं." मी म्हटलं, एवढ्या प्रेमाने करते ती, खा. आणि आता नाही कसं म्हणणार? बीपी आहे ना तुला!

तोही हसला. खूप दिवसांनी हसला.

२३ मार्च

रक्त तपासायची वेळ होऊन गेली. जानेवारीत लग्नानंतरची गडबड, पाहुणे. आता करोल बागेला जायचं म्हटलं तर अर्पिता म्हणते मीही येते. लॅबमधला माणूस कागदावर औषधाचं नाव लिहितो आणि ती वाचते सगळं. पुढच्या महिन्यात तिला माहेरी पाठवून उरकून घेऊ. तशीही तब्येत उत्तम आहे. गोळी एकही चुकलेली नाही.

कौस्तुभने पुन्हा तोच विषय काढला. "आई, मला तिच्याशी खोटं नाही बोलता येत. ती माझ्यासाठी कॅन्टीनवाल्याला फोन करून सांगते, मीठ घालू नका म्हणून. मला लाज वाटते." मी म्हटलं, दसऱ्यापर्यंत थांब. का दसरा, ते माझं मलाही ठाऊक नाही.

११ मे

उन्हाने जीव नकोसा केलाय. टँकर दोन दिवसांआड येतो. कौस्तुभच्या कारखान्यात शेडमध्ये भट्टी पेटल्यागत होतं, शर्ट पिळून काढण्यासारखा होऊन येतो. तहान तहान करतो. अर्पिता माठातल्या पाण्याचं लिंबूसरबत करून ठेवते, त्यातही साखर तेवढी, मीठ नाही. पोर पक्की आहे.

त्याच्या हाताला जरा कंप सुटलाय. परवा कप बशीवर वाजत होता. मी म्हटलं अशक्तपणा, दुधात बदाम घालून द्यायला लागले. स्वभावाने मात्र इतका शांत झालाय! रागावणं नाही, उदास होणं नाही. जेवून उठला की डोळे मिटतो. मार्चमधले ते दिवस आठवले की वाटतं, देवाने ऐकलं.

२९ मे

पोट बिघडलंय त्याचं. या दिवसांत निम्म्या सोसायटीचं बिघडलंय, टँकरचं पाणी. अर्पिताने अळणी पेज दिली. हे म्हणाले डॉ. सेठींना फोन करू का? अर्पिता समोरच बसली होती. मी ह्यांच्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. पोट बिघडल्याला कशाला मोठा डॉक्टर?

१ जून

आज रविवार. सकाळी कौस्तुभ म्हणाला, "आई, आज मी अर्पिताला सांगणार." पण बोलताना जीभ जड पडत होती, 'अर्पिता' म्हणायलाही दोनदा अडखळला. चालताना दाराच्या चौकटीवर आपटला. मला वाटलं, सांगायच्या भीतीने गाळण उडालीय. मी म्हटलं, आधी बरा हो, असा थरथरत सांगणार आहेस का? तो पलंगावर बसला आणि म्हणाला, "ब...बरं."

दुपारी ओकला. सकाळची गोळी त्यात पडून गेली असणार. एवढ्या दिवसांत एक चुकली नाही, ती आता कशी चुकू देईन? दुसरी दिली. त्याने मुकाट्याने घेतली.

४ जून

हॉस्पिटलच्या बाकावर लिहितेय.

सोमवारी सकाळी तो उठेचना. हात-पाय झटके देत होते, डोळे उघडे पण ओळख नाही. ह्यांनी आणि वॉचमनने उचलून गाडीत घातलं. गेल्या वर्षीच्याच हॉस्पिटलात. रक्त घेतलं. डॉ. सेठी धावतच आल्या.

"लिथियम इतना ऊपर कैसे? आख़िरी टेस्ट कब हुआ?" मी काहीतरी पुटपुटले. "नमक कम किया था?"

अर्पिता पुढे झाली. रात्रभर जागून तिचे डोळे सुजले होते, तरी उत्तर द्यायला ती ताठ उभी राहिली, परीक्षेतल्या मुलीसारखी. "जी, बिल्कुल बंद. मैंने खुद ध्यान रखा. ऑफ़िस में भी. बीपी है ना इनको."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "बीपी किसको है?"

हे भिंतीला टेकून खाली बसले. बाईंनी अर्पिताला खुर्चीवर बसवलं आणि सगळं सांगितलं, आजाराचं नाव, मागचा एप्रिल, गोळी. लिथियमही एक प्रकारचं मीठच आहे. शरीराला रोजचं मीठ मिळेनासं झालं, वर घामाने आणि जुलाबाने गेलं, की ते लिथियमच धरून बसतं, बाहेर सोडत नाही. मग त्याचं विष होतं. "मैंने माताजी को बताया था," त्या म्हणाल्या. रागाने नाही म्हणाल्या. रागाने म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

हो, बताया था. एकवीस एप्रिलचं पान मी आत्ता उघडून पाहिलं. माझ्याच अक्षरात आहे, 'नेहमीचं' म्हणून. आणि मी तर दुसरी गोळी दिली. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

९ जून

मशीन लावून रक्त धुतलं. जीव वाचला. पण लहान मेंदूला धक्का बसलाय, बोलणं आणि चालणं किती परत येईल सांगता येत नाही. माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाला, तोंडातून नुसता फेसाळ आवाज आला.

अर्पिता चार दिवस माझ्याशी बोलली नव्हती. कौस्तुभचं तोंड पुसत होती, चादर बदलत होती, मी जवळ गेले की दुसऱ्या बाजूला जात होती. आज नळावर फडका पिळताना म्हणाली, पाठ माझ्याकडे ठेवूनच: "आई, बाकी काही नसतं सांगितलंत तरी चाललं असतं. नुसतं 'ह्याचं मीठ बंद करू नकोस' एवढं म्हणाला असतात, तर मी घातलं असतं ना."

मी म्हटलं, गोळी मी दिली, दुसरीसुद्धा मीच दिली. तिने नळ बंद केला नाही. पाणी वाहत राहिलं.

मला मरून जावंसं वाटतं. डायरीत लिहायला हरकत नाही, इथे कोण डॉक्टर विचारतोय?

१५ जून

मारुतराव आले. आवाज चढवला नाही. "मुलगा आजारी आहे म्हणून मी पोरगी देणार नाही, हे तुम्हीच ठरवून टाकलंत. मला विचारलंत का?"

"दिली असती का?" मी विचारलं.

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "माहीत नाही," म्हणाले. "पण विचारायचं होतं, ताई. पोरीला वाटतंय तिनेच घातलं विष. आता तिला आई दोनदा मेल्यासारखी झालीय."

ते अर्पिताला घेऊन गेले. काही दिवसांसाठी म्हणाले. मी हो-नाही काय म्हणणार?

१० ऑगस्ट

कौस्तुभ घरी आहे. भिंत धरून मोरीपर्यंत जातो. बोलतो, पण शब्द एकमेकांत मिसळतात, लांबतात, शेवट येतच नाही. डॉ. सेठी म्हणाल्या, जितकं यायचं होतं तितकं बहुधा आलं. लिथियम कायमचं बंद, दुसरं औषध चालू केलंय, ते लागू पडेल की नाही बघायचं. म्हणजे तो हिवाळा किंवा तो मार्च, दोन्ही परत येऊ शकतात. कारखान्याने नाव काढलं. बस आमच्या गेटाशी थांबत नाही. हे दिवसभर पेपर उघडून बसतात आणि पान उलटत नाहीत. गणेशोत्सवातला तो हार घातलेला फोटो मी काढून कपाटात शालीखाली ठेवला.

अर्पिता आज सकाळी आली. रिक्षातून एकटीच, हातात एक पिशवी. राहायला की भेटायला, ते तिने सांगितलं नाही आणि विचारायचा हक्क मला नाही. आल्या आल्या स्वयंपाकघरात गेली, वरणाची चव घेतली, त्यात मीठ घातलं, पुन्हा चव घेतली. मग कौस्तुभच्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं.

मी त्याची गोळी घेऊन दाराशी गेले. आतून त्याचा आवाज येत होता. तो तिला सांगत होता. सगळं, पहिल्यापासून, तिला डॉक्टरांनी कधीच सांगून टाकलेलं. कॉलेजातला हिवाळा म्हणत होता बहुतेक. 'बस' एवढा शब्द मला नीट ऐकू आला, 'आई' हा एकदा. बाकी कळलं नाही. शाळेत माझ्या हाताखालून तोतरी, बोबडी, बिहार-बंगालची, सगळी पोरं गेली, प्रत्येकाचं मला कळायचं. माझ्या मुलाचं मला कळलं नाही.

त्याचं सांगून झालं. आमच्यासमोर ती त्याला अहोजाहो करते, आत मात्र ती म्हणाली, "मला सगळं नाही समजलं रे. परत सांग. सावकाश."

आणि त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मी गोळी मुठीत धरून बाहेरच उभी राहिले.